पेटिव्हरसाहेबांचं झुरळ

मराठी माणूस एखादी गोष्ट झटकून टाकतो तेव्हा ती झुरळासारखी झटकून टाकतो. आरोप, जबाबदारी, सोसायटीचं सेक्रेटरीपद, सगळं ह्याच रीतीनं झटकलं जातं. ढेकूण चिरडायचा, डास मारायचा, मुंग्यांना साखरेच्या डब्यापासून लांब ठेवायचं. झटकण्याचा मान भाषेनं एकट्या झुरळाला दिलेला आहे. त्यात किळस आहे, घाई आहे आणि थोडी भीतीही आहे. चांगले दणकट, तालमीत घुमलेले गृहस्थ मी पाहिले आहेत, की जे मोरीतलं झुरळ उडालं की पंचा सावरत बाहेर येतात आणि 'ह्या घरात स्वच्छता म्हणून नाही' असं बायकोला सुनावतात.

आमच्या घराण्यात तर हे वैर पिढीजात आहे. आजी कणीक, साखर आणि बोरिक पावडर एकत्र मळून गोळ्या करायची आणि अमावास्येला फडताळाच्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवायची. अमावास्येलाच का, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आईनं गोळ्या चालू ठेवल्या, फक्त अमावास्या सोडली. आमच्या सौ.नं गोळ्या सोडून ट्यूबमधलं औषध आणलं. शस्त्रं बदलली, युद्ध तेच.

अशा घराण्यातला आमचा भाचा जर्मनीत नोकरीला गेला आणि तिथं झुरळं पाळायला लागला.

पाळायला म्हणजे, घरात आहेत आणि जात नाहीत ह्या अर्थानं नव्हे. त्या अर्थानं आपण सगळेच पाळतो. ह्यानं ती रोख युरो मोजून पार्सलनं मागवली, त्यांच्यासाठी डबा आणला, माती आणली, ती मोजून ओली केली आणि रात्री जेवण झाल्यावर तो त्यांच्यापुढं खुर्ची टाकून बसू लागला. आमच्या ताईला हे कळलं तेव्हा तिनं पहिला फोन मला केला. "कुत्रं पाळ म्हणावं, मांजर पाळ, गेला बाजार मासे पाळ. झुरळं? स्थळं सांगून येतात त्यांना मी काय सांगू?"

मामा ह्या नात्यानं मी त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं कॅमेरा डब्यावर धरला. डब्यात माती होती, मातीवर वाळकी पानं होती, आणि पानांवर एक इंचभर लांबीचा, गोलसर, काळाकुळकुळीत जीव बसला होता. पाठीवर सात मोठे पांढरट ठिपके. इतके ठसठशीत, की कुणी तरी ब्रशनं दिले असावेत.

"अय्या, ब्रोच!" सौ. माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाली. मग त्या ब्रोचनं मिशा हलवल्या आणि सौ. स्वयंपाकघरात गेली.

"मामा, हा डॉमिनो," भाचा म्हणाला. "आणि हा तुमच्या तिकडचाच आहे. दक्षिण भारतातला. झुडपी रानात, पालापाचोळ्याखाली, भुसभुशीत मातीत राहतो. घरात येत नाही." शेवटचं वाक्य त्यानं आईला पोचावं अशा बेतानं जरा मोठ्यानं म्हटलं. आणि मग त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं: थेरिया पेटिव्हेरियाना.

ह्या नावानं मात्र माझी झोप घालवली. मद्रास-बंगळूरकडचं झुरळ, आणि आडनाव पेटिव्हर? म्हणजे अय्यंगारांच्या घरात एकाचं नाव रॉबिन्सन निघावं तसं झालं. पेन्शनर माणसाला अशी एखादी शंका चावली की मग दुसरा उद्योग लागत नाही. मी पेटिव्हरच्या मागं लागलो.

जेम्स पेटिव्हर हा लंडनचा औषधविक्या. ऑल्डर्सगेट रस्त्यावर पांढऱ्या क्रुसाची पाटी लावलेलं त्याचं दुकान होतं. दिवसा पुड्या बांधायच्या आणि उरलेल्या वेळात जगातले किडे, पाकोळ्या, शिंपले आणि वाळलेली झाडं जमवायची, असा त्याचा संसार. 1695 साली त्याला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. इंग्लंडातल्या कितीतरी फुलपाखरांना त्यानं पहिल्यांदा नावं दिली. पण त्याची खरी हुशारी किडे जमवण्यात नव्हती, माणसं जमवण्यात होती. स्वतः तो हिंदुस्थानात कधी आला नाही. त्याची गरजही पडली नाही. बंदरातून जहाज सुटायच्या आत तो जहाजावरच्या डॉक्टरला, कप्तानाला, पाद्र्याला गाठायचा आणि हातात एक छापील कागद ठेवायचा. किडा दिसला तर काय करायचं, फुलपाखरू कसं दाबायचं, मोठा प्राणी दारूत कसा बुडवायचा, सगळं त्यात लिहिलेलं. आपल्याकडे लग्नाला निघालेल्या माणसाच्या हातात शेजारीण साडीचा रंग आणि किंमत लिहून देते ना, तसंच. फरक इतकाच, की शेजाऱ्यांची यादी निदान पैठणीपाशी थांबते. पेटिव्हरची यादी जगाच्या टोकापर्यंत जायची.

आणि ती कुणाच्याही हातातून जायची. गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवरचे डॉक्टरही त्याच्या गोतावळ्यात होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं भरायची, आणि माल भरेपर्यंत वेळ रिकामा जातो म्हणून फुलपाखरं धरायची. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

हिंदुस्थानाकडची त्याची माणसं म्हणजे मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातले कंपनीचे डॉक्टर, सॅम्युएल ब्राऊन आणि त्याच्यामागून आलेला एडवर्ड बल्कली. ह्यांनी त्याला गठ्ठेच्या गठ्ठे पाठवले. औषधी झाडं, पानं, त्यांची तमिळ नावं, गुण, सगळं. 1698 पासून रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत त्यावर लेख येऊ लागले. म्हणजे पुण्याला अजून पेशवाई यायची होती त्या काळात चिंगळपेटकडची झाडं लंडनमध्ये छापून येत होती.

1718 साली पेटिव्हर गेला. त्याचा संग्रह हान्स स्लोन नावाच्या बड्या डॉक्टरनं घेतला. चार हजार पौंड मोजले असं सांगतात. पण बघतो तो काय? पेटिव्हरनं जमवलं खूप, ठेवलं नीट नाही. ढिगावर ढीग, मध्ये मध्ये कागदाच्या चिटोऱ्या, आणि त्यातलं कितीतरी धूळ, पाऊस आणि किडे ह्यांनी खाल्लेलं. जगभरचे किडे पैसे मोजून घरी आणायचे आणि ते घरच्या किड्यांनी फुकटात खायचे. आमच्या माळ्यावरच्या दिवाळी अंकांची हीच अवस्था असल्यामुळं पेटिव्हरबद्दल मला पहिल्यांदाच आपुलकी वाटली. पुढं स्लोनच्या संग्रहावरच 1753 साली ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं, आणि उरलंसुरलं पेटिव्हरचं भांडार त्यात गेलं.

आता गोष्ट येते ती स्वीडनच्या लिनियसवर. जगातल्या यच्चयावत प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावं देणारा हा माणूस. 1758 साली त्यानं आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत ह्या सात ठिपकेवाल्याचं बारसं केलं आणि नावात पेटिव्हरला अडकवला. पण घातला कुठं? कॅसिडामध्ये. कॅसिडा म्हणजे पाठीवर ढाल घेतल्यासारखे दिसणारे भुंगेरे. झुरळाला त्यानं भुंगेरा समजून कागदावर चढवला!

लिनियसची बाजू घेणारे म्हणतील, त्या काळी तो सगळ्याच झुरळांना भुंगेऱ्यांच्या वाड्यात ठेवत असे. खरं आहे. पण त्या वाड्यातही झुरळांना स्वतंत्र खोली होती, ब्लाटा नावाची. मोरीतली मंडळी त्यानं बिनचूक तिथं घातली. हा गडी तेवढा दुसऱ्या बिऱ्हाडात गेला. कारण उघड आहे. इतकं देखणं झुरळ असेल असं त्या थोर माणसालाही वाटलं नसावं.

आणि ह्यात त्याला फार हसण्यासारखंही नाही. फसवणं हा ह्या झुरळाचा धंदाच आहे. त्याच भागात एक काळा भुंगेरा हिंडतो, अँथिया त्याचं नाव. त्याच्या पाठीवर सहा पांढरे ठिपके असतात. त्याला डिवचलं की तो झोंबणारं पाणी पिचकारीसारखं मारतो, त्यामुळं पक्षी आणि सरडे त्याच्या वाटेला जात नाहीत. आमचं झुरळ बिचारं निरुपद्रवी. पण कपडे त्यानं दादाचे घातले आहेत असं अभ्यासक मानतात. दादाला ठिपके सहा, ह्याला सात. नक्कल करणारा माणूस नेहमी एक पदक जास्तच लावतो. पक्ष्यांसाठी शिवलेल्या ह्या वेषात लिनियस सापडला. 1820 साली बिलबर्ग नावाच्या दुसऱ्या स्वीडिश माणसानं थेरिया हे कूळ उघडलं, आणि तेव्हापासून स्वारी त्याच पत्त्यावर आहे.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं, तर त्याला इतिहासापेक्षा माती जास्त महत्त्वाची वाटत होती. झुरळं पाळणारा माणूस मुळात मातीच पाळतो, असं माझं मत झालं आहे. नारळाचा भुसा, बारीक वाळू, कुजलेली पानं एकत्र करून त्यानं चार बोटं थर दिला होता. डब्याची एक बाजू ओली, एक बाजू कोरडी. कुणाला कुठं बसायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. सगळं ओलं ठेवलं तर बुरशी येते, सगळं कोरडं ठेवलं तर पिल्लं मरतात. वर वाळकी पानं, सफरचंदाची फोड, गाजराचा तुकडा आणि चिमूटभर माशांचं खाणं. मादी एकेक अंडकोश मातीत टाकते. तो दिसायला एखाद्या बीसारखा. तो फुटायला महिन्यांच्या हिशेबानं थांबावं लागतं. मग त्यातून बाहेर येतात ती तपकिरी, मळकट, बिनठिपक्यांची पोरं. ती ताबडतोब मातीत शिरतात आणि तिथंच वाढतात. पुढं वर्षभर मालकाला डब्यात माती दिसते, निव्वळ माती. रोज पाणी शिंपायचं आणि आत कुणीतरी आहे अशी श्रद्धा ठेवायची. शेवटची कात टाकली की एका संध्याकाळी ठिपके लेवून स्वारी वर येते, दिवेलागणीला थोडी उडते, लग्न करते आणि काही महिन्यांत संपते. एवढ्यासाठी वर्षभर मातीला पाणी घालणारा मुलगा संसारात टिकेल की नाही अशी काळजी ताईनं करू नये, असं मी तिला सांगितलं.

वाळूत राहणाऱ्या झुरळांचा हा सगळा गोताच पुरुन उरणारा. अमेरिकेच्या वाळवंटात ॲरेनिव्हागा म्हणून त्यांचे नातलग आहेत. ते वाळूच्या आत पोहतात म्हटलं तरी चालेल. सकाळी वर नुसती फुगलेली रेघ दिसते. माद्यांना पंखच नाहीत. तिथं प्यायला पाणी कुठलं? तर हा प्राणी तोंडातून दोन बारीक फुगे बाहेर काढतो आणि हवेतली वाफ त्यांच्यावर धरून पितो. हवा पुरेशी दमट मात्र लागते, आणि ती खाली वाळूत मिळते. हा प्राणी दमट हवेतली वाफ शोषून घेतो, हे एडनी नावाच्या शास्त्रज्ञानं 1966 साली दाखवून दिलं. आमच्या सोसायटीच्या टँकरच्या मीटिंगमध्ये मी ही माहिती दिली, पण चेअरमननं ती मिनिट्समध्ये घेतली नाही. ह्या ॲरेनिव्हागाच्या 39 नव्या जाती 2014 साली एकदम कागदावर आल्या. म्हणजे अमेरिकेसारख्या देशातसुद्धा वाळूखालची शिरगणती अजून पुरी व्हायची आहे.

चिनी लोकांनी ह्याच कुळातल्या एका झुरळाला औषधात घेतलं. झांग झोंगजिंग नावाच्या वैद्यानं अठराशे वर्षांपूर्वी त्याची गोळी बांधली. मुका मार, मोडलेलं हाड, साकळलेलं रक्त ह्यांवर वाळवलेल्या माद्या देतात, आणि त्यासाठी मऊ मातीचे वाफे करून त्यांची शेती करतात. आमच्या आजीनं झुरळासाठी गोळी केली, त्यांनी झुरळाचीच केली.

आता राहिला प्रश्न घरच्या मंडळींचा. जगात झुरळांच्या साडेचार हजारांवर जाती आहेत. माणसाच्या घरात घुसणाऱ्या त्यांतल्या जेमतेम तीस. म्हणजे तीस जणांच्या करणीमुळं साडेचार हजार घराण्यांना चप्पल दाखवली जाते. (वाळवीसुद्धा ह्याच वंशवृक्षाची एक फांदी असं 2007 साली ठरलं. ते तूर्त घरात सांगितलेलं नाही. फर्निचर नवं आहे.) बरं, ह्या तिसांची नावं तरी धड आहेत का? मोरीतलं मोठं, तांबूस झुरळ ते 'अमेरिकन'. पण ते मूळचं आफ्रिकेचं. ओट्यावरचं छोटं, फिकट, ते 'जर्मन'. लिनियसनंच 1767 साली त्याला ते नाव दिलं. रशियन लोक त्याला 'प्रशियन' म्हणत आले, आणि जर्मनीत काही ठिकाणी त्याला 'रशियन' म्हणत. झटकायचा प्राणी नेहमी शेजारच्या देशाचा असतो. शेवटी 2024 साली शास्त्रज्ञांनी 17 देशांतली झुरळं गोळा करून त्यांची वंशावळ तपासली, तेव्हा निघालं काय, तर हे जर्मन झुरळ सुमारे 2100 वर्षांपूर्वी आपल्याकडे किंवा ब्रह्मदेशात, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या आसपास, रानातलं घरात आलं. पुढं एक शाखा व्यापाऱ्यांबरोबर अरबस्तानाकडे गेली, एक डच-इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून पूर्वेला गेली.

भाच्याला मी हे मुद्दाम सांगितलं. त्याच्या घरमालकिणीला स्वयंपाकघरात एकदा छोटं झुरळ दिसलं होतं आणि तिनं फार सूचक नजरेनं ह्याच्याकडे बघितलं होतं. ठिपकेवाल्यांचा त्यात काही हात नव्हता. ती मातीबाहेर स्वयंपाकघरात तग धरणारी नव्हेत. पण त्याच्या डब्यातलं हिंदुस्थानी झुरळ 'डॉमिनो' म्हणून पैसे देऊन आणलं जातं, आणि तिच्या ओट्यावरचं हिंदुस्थानी झुरळ 'जर्मन' म्हणून औषध घालून मारलं जातं, हे त्या दोघांनाही समजायला हवं होतं.

ताई परवा घरी आली होती. तिला मी पेटिव्हरपासून सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "पण ते झुरळ पहिल्यांदा पकडलं कुणी?"

"पेटिव्हरनं नाही. तो लंडनला. पाठवणारे किल्ल्यातले डॉक्टरच असणार."

"डॉक्टर कशाला भर उन्हात झुडपाखाली पाला उपसत बसेल? तो जाईल पालखीतून. कुण्या पोऱ्याच्या हातावर दोन पैसे ठेवले असतील. त्या पोऱ्याचं नाव काय?"

मी गप्प बसलो. स्लोनच्या नावानं लंडनमध्ये चौक आहे. लिनियसच्या नावानं उत्तरेकडचं एक नाजूक गुलाबी फूल आहे. पेटिव्हरला झुरळ मिळालंच, शिवाय लसणासारखी घाण येणारं एक झुडूपही मिळालं, पेटिव्हेरिया. मद्रासच्या झाडांची तमिळ नावंसुद्धा त्या जुन्या कागदांत आहेत, आणि ती कुणा तमिळ माणसानं सांगितल्याशिवाय गोऱ्या डॉक्टरला काही कळली नसणार. पण पाला उपसणाऱ्याच्या नावाचं ना फूल, ना झुडूप, ना किडा.

"मग आपण म्हणू ना त्याला काहीतरी," ताई म्हणाली. "सात ठिपके आहेत ना? रांगोळीचं झुरळ म्हणूया."

झुरळाला ताईच्या तोंडून रांगोळी हा शब्द लागेल असं मला वाटलं नव्हतं. भाच्याला मी ते लगेच कळवलं. तो खूष झाला, आणि आईचा सूर नरम आहे हे ताडून त्यानं दुसरी बातमी सांगितली. ह्याच थेरिया कुळातली, भारतातलीच, आणखी एक जात आहे. 2008 साली तिचं बारसं झालं, आणि तिलाही एका युरोपियन गृहस्थाचंच नाव आहे. पण हौशी मंडळी त्या नावाच्या वाटेला जात नाहीत. तिच्या पाठीवरची पांढरी खूण पाहून ते तिला सरळ 'प्रश्नचिन्ह' म्हणतात.

तिची पिल्लं त्यानं मागवली आहेत. अकरा आली. डबा वेगळा केला आहे, ओली बाजू, कोरडी बाजू, सगळं यथास्थित. ताई आता फोनवर आधी त्याच्या जेवणाचं विचारते आणि मग 'ती अकरा कशी आहेत' म्हणून विचारते. तो तरी काय सांगणार? सगळी तपकिरी आहेत आणि सगळी मातीखाली आहेत. प्रश्नचिन्ह उमटायला अजून वर्षभर तरी आहे.